शिफारसपत्र लिहिण्याआधी

पांडुरंगा, तुझ्यापुढे बसले आहे, पण नेमकं काय मागायचं ते अजून ठरत नाही. मुलीला प्रवेश मिळू दे, एवढंच म्हटलं असतं तर दोन ओळींत काम आटोपलं असतं आणि मी झोपायला गेले असते. पण मी फिजिक्स शिकवते. काय दिलंय आणि काय काढायचंय हे आधी लिहिल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही, असं वर्गात ओरडून सांगते. तेव्हा तुझ्यासमोरही तसंच मांडते.

दिलेलं असं आहे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावी सायन्सला असलेली, माणदेशातल्या एका वाडीवरची मुलगी हार्वर्डला अर्ज करते आहे. नाव सांगत नाही. तिची आजी दर आषाढीला तुझ्याकडे येते, म्हणजे घर तुला ठाऊक आहे. त्या विद्यापीठाकडे २०२४ साली ५४,००० अर्ज आले होते आणि त्यांतले २,००० सुद्धा त्यांनी घेतले नाहीत. मुलीला दहावीला ७४ टक्के, अकरावीला ६१. सॅट नावाची परीक्षा तिने पुण्याला जाऊन दिली, तीत १६०० पैकी १२४० आले. तिथे घेतलेली मुलं बहुतेक १५०० च्या पुढची असतात. दहावीच्या गुणांवर तिच्या घरी पेढे वाटले होते, आणि ते बरोबरच होतं. पण या अर्जाच्या ढिगात ती खालून मोजायला सोपी आहे.

काढायचं काय, ते मला येत नाही. म्हणून तुझ्याकडे आले.

अकरावीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथेच घोळ आहे. आपल्याकडे अकरावी म्हणजे दोन बोर्डांच्या मधली धर्मशाळा. पोरं टेकतात, दम खातात आणि पुढे निघतात. सीईटीला त्या अभ्यासक्रमावर २० टक्के प्रश्न येतात, तेवढ्यापुरतं अकरावीचं नाव निघतं. अकरावीला किती पडले, असं जन्मात कोणी विचारत नाही. शाळांनाही ते माहीत असतं, मुलांनाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांना मात्र नववीपासून बारावीपर्यंतची चारही वर्षं हवी असतात. ही मुलगी अकरावीला असताना हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. तिचं ते ६१ टक्क्यांचं प्रगतिपुस्तक कपाटाच्या खालच्या कप्प्यातून काढून, धूळ झटकून, इंग्रजीत करून, गोल शिक्का मारून तयार ठेवलं. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यांचा निर्णय मार्चमध्येच होतो, म्हणून पुढे जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेचे गुणही पाठवायचे आहेत. त्या परीक्षेत आम्ही हात आखडून गुण देतो, पोरांनी बोर्डाला जोर लावावा म्हणून. विठ्ठला, आमच्या या शहाणपणाचा हिशेब तिकडे कोणाला कळेल?

त्यांच्या अर्जात शाळेच्या समुपदेशकाचं नाव लागतं. आमच्याकडे समुपदेशक नाही. मुख्याध्यापकांनी स्वतःचं नाव घातलं आणि तीन वेळा विचारलं, ‘‘बाई, यात माझ्यावर काही येणार नाही ना?’’ शाळेची ओळख सांगणारं एक पान लागतं, ते मी लिहिलं. आर्थिक मदतीचा अर्ज वेगळा. तिथलं वर्षाचं सगळं मिळून ८०,००० डॉलरच्या वर जातं. परदेशी मुलाची ऐपत न बघता प्रवेश ठरवणारी आणि मग लागेल तेवढी मदत करणारी विद्यापीठं तिथे मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि आणखी थोडी. म्हणूनच तिने हार्वर्ड निवडलं, मोठं नाव म्हणून नव्हे. मधल्या दर्जाच्या विद्यापीठात तिला कदाचित घेतीलही, पण तिथे राहायला पैसे लागतात. गरिबाच्या मुलीला सगळ्यांत अवघड दार ठोठावावं लागतं, कारण पैसे न विचारणारी दारं तेवढीच आहेत. यातली गंमत तुला कळत असेल तर मलाही सांग. तो आर्थिक अर्ज भरताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा घेऊन आम्ही बसलो होतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे. त्या विहिरीला पाणी किती महिने असतं, हे लिहायला ना आपल्या कागदात जागा, ना त्यांच्या.

आता माझं काम. शिक्षकाने एक पत्र लिहायचं आणि एक तक्ता भरायचा. हे पत्र मी पाहणार नाही, असं मुलीने आधीच लिहून दिलंय; तशी तिथली पद्धत आहे, म्हणजे शिक्षकाला मोकळेपणाने लिहिता येतं. तक्त्यात ओळी आहेत: अभ्यासातली कामगिरी, बुद्धीची चुणूक, लेखन, वर्गातल्या चर्चेतला भाग, कामाची शिस्त, सचोटी, दुसऱ्यांविषयीची कळकळ, अपयश आल्यावर ती कशी वागते, आणि अशा कितीतरी. प्रत्येक ओळीपुढे रकाने. सरासरीहून कमी, सरासरी, चांगली, फार चांगली, उत्कृष्ट म्हणजे पहिल्या दहा टक्क्यांतली, असामान्य म्हणजे पहिल्या पाच टक्क्यांतली, आणि शेवटचा रकाना असा की, आजवरच्या नोकरीत भेटलेल्या अगदी मोजक्यांपैकी एक.

अभ्यासातल्या कामगिरीपुढे मी ‘चांगली’वर खूण केली आहे. खरं तेच आहे. आमच्याकडे एखाद्या पोरीला चांगली म्हटलं की आईबाप हात जोडतात. त्या तक्त्यात ‘चांगली’ हा खालून तिसरा रकाना आहे. मुंबई-पुण्याच्या ज्या शाळांमधून दरवर्षी तिकडे अर्ज जातात, तिथले शिक्षक शेवटच्या रकान्याखेरीज हात फिरवत नाहीत, असं ऐकते. त्यांचंही चुकतं असं कसं म्हणू? सगळे उभे राहून बघायला लागले की बसणाऱ्याला काही दिसत नाही. माझी एक खरी खूण तिला त्या ढिगात आणखी खाली ढकलणार, आणि ते मला कळत असूनही माझा हात पुढच्या रकान्याकडे सरकत नाही. सव्वीस वर्षं पेपर तपासून हात असा झालाय. पाव गुण जास्त देताना तो थांबतो. देवा, हा माझा प्रामाणिकपणा आहे की नुसती खोड आहे, एवढं तरी आज मला कळू दे. दुसऱ्याच्या लेकीच्या भवितव्यावर मी माझी सचोटी मिरवत असेन तर तसं सांग. मी खोडरबर घेऊन बसले आहे.

पण एक ओळ मी न डगमगता भरली. अपयश आल्यावर ती कशी वागते, त्यापुढे शेवटचा रकाना. त्याचं कारण पत्रात लिहायचं आहे आणि ते मला नीट लिहिता यावं, हे माझं पहिलं मागणं.

ती विहिरींची वही ठेवते. घरची, चुलत्यांची आणि वाडीवरच्या आणखी काहींची विहीर. दर रविवारी गाठी मारलेला दोर आणि टोकाला दगड घेऊन जायचं, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि लिहायचं. हे ती आठवीपासून करते. कोणी सांगितलं नव्हतं, कुठली स्पर्धा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. मला ती वही दिसली ती अकरावीत, ‘‘मॅडम, आमची विहीर एका आठवड्यात जास्त उतरते आणि पुढच्या आठवड्यात कमी, असं का?’’ असं ती विचारायला आली तेव्हा. मी पाऊस, झरे, झिरपणं, सगळं सांगून पाहिलं. तिनेच पुढे उत्तर काढलं. शेतीची थ्री-फेज लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटार चालू करून लोक झोपतात आणि पलीकडचं बोअर पहाटेपर्यंत उपसत राहतं. तिने महावितरणचं वेळापत्रक आणि वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवले. शेजारी नाराज झाले, तो भाग वेगळा.

मला ज्या गोष्टीचं मोल वाटतं ती याच्या पुढची आहे. एका उन्हाळ्यात कुठूनसा तिला पोलादी टेप मिळाला. दोराशी ताडून पाहिला तर जमेना. सुती दोर भिजला की आखडतो. गाठी जवळ येतात, म्हणून दोर खोली जास्त सांगतो आणि पाणी आहे त्याहून खाली गेल्यासारखं दिसतं. याचा अर्थ मागच्या सगळ्या पानांवरचे आकडे थोडे थोडे खोटे. तिने पानं फाडली नाहीत, आकडे गुपचूप सुधारलेही नाहीत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल पेनाने लिहिलं, ‘दोर ओला, माप जास्त’, आणि मग ओला दोर किती आखडतो ते मोजायला बसली. देवा, प्रयोगवहीत आकडे उलटे बसवून आणणारी मुलं मी आयुष्यभर तपासली. उत्तर आधी लिहायचं आणि मग निरीक्षणं, ही आमच्या प्रॅक्टिकलची जुनी रीत. त्या मुलांना तीसपैकी अठ्ठावीस पडतात, आणि मीच देते.

हे ऐकून कोणी म्हणेल, वहीच्या नादात गुण गेले. तसं नाही, आणि पत्रात तसं सुचवण्याचा मोह मला होऊ देऊ नकोस. गुण गेले कारण ती सावकाश लिहिते, शेवटचा प्रश्न राहतो, आणि रसायनशास्त्र तिला आवडत नाही म्हणून ती ते वाचत नाही. तिथे ती इतर पोरांसारखीच पोर आहे. मोबाइलवर रील बघते. असू दे.

दुसरं मागणं तिच्या निबंधाचं आहे. जास्तीत जास्त ६५० शब्दांत तू कोण ते सांग, असा एक निबंध त्या अर्जात असतो. तिने पहिला खर्डा आणला त्यात २०१९ चा दुष्काळ होता, चारा छावणी होती, छावणीत जनावरांपाशी झोपणारे वडील होते, सोसायटीचं कर्ज होतं. सगळं खरं. आणि वाचताना माझ्या अंगावर काटा आला तो त्या दुःखाने नव्हे. कुठल्याशा व्हिडिओत तिने ऐकलं होतं की गुण कमी असतील तर कहाणी मोठी लागते. शहरातली मुलं लाखो रुपये देऊन सल्लागारांकडून स्वतःला घडवून घेतात, पैसे भरून शोधनिबंध छापून आणतात, सुट्टीत संस्था काढतात आणि अर्ज गेला की बंद करतात. हिच्याकडे विकायला दुष्काळ तेवढा होता. मी तिला काही बोलले नाही, कारण तिच्या घरात घडलेलं तिने लिहू नये असं मी कोण सांगणार? दुसरा खर्डा तिने स्वतःच आणला. त्यात दोर होता, लाल शाई होती, आणि बापाचं एकच वाक्य होतं की तो विहिरीच्या काठावर तिच्यासाठी बॅटरी धरून उभा राहायचा. पांडुरंगा, तो खर्डा तिच्याकडून बदलला जाऊ देऊ नकोस. अर्जाची मुदत १ जानेवारीची आहे आणि शेवटच्या रात्री माणसं घाबरून चांगलं खोडतात.

तिसरं मागणं माझ्यासाठी आहे आणि ते मागताना मला केळुसकर गुरुजी आठवतात. कमी गुणांच्या प्रत्येक मुलाला आपण बाबासाहेबांचं उदाहरण सांगतो. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक, ७५० पैकी २८२ गुण, आणि १९१३ साली न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. मी हे उदाहरण तिला मुद्दाम दिलं नाही. तो काळ निराळा, त्या २८२ गुणांमागे वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसून काढलेली वर्षं होती, आणि त्या विद्यापीठाच्या दाराशी तेव्हा आजच्यासारखी पन्नास-साठ हजारांची रांग नव्हती. आमच्या मुलीला गुण कमी पडले ते रसायनशास्त्र न वाचल्यामुळे. तिला तिथे नेऊन बसवणं बाबासाहेबांवर अन्याय होईल.

पण त्या गोष्टीतल्या शिक्षकाकडे मी बघते. कृष्णराव अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसायचा. ते त्याच्या शाळेचे शिक्षकही नव्हते, विल्सन हायस्कुलात शिकवत. मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला दिलं, आणि पुढे शिक्षणाला पैसे पुरेनात तेव्हा त्याच्यासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजींना ते २८२ गुण माहीत असतीलच. त्या गुणांमुळे ते मागे सरले नाहीत. त्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळी होती, मुलगा रोज येतो आणि वाचतो. एवढं पाहायला आणि पाहिलेलं योग्य माणसापुढे नेऊन ठेवायला जे लागतं, ते मला थोडं दे. माझं इंग्रजी बेताचं आहे. ‘परिश्रमी, आज्ञाधारक आणि चारित्र्यवान’ अशी बोनाफाइडवर छापल्यासारखी वाक्यं माझ्या हातून आपोआप उतरतात. त्यांपासून मला वाचव. विहीर, दोर, गाठी, लाल शाई, बस. ते पत्र वाचणाऱ्याला कळू दे की मी त्या वहीची पानं हातात घेतली होती.

आणि त्या वाचणाऱ्यासाठीही मागते. तिकडे हार्वर्डच्या गावी, केंब्रिजमध्ये, जानेवारीच्या थंडीत कोणी तरुण अधिकारी बसलेला असेल, समोर दिवसभराचे अर्ज, डोळे दुखत असतील. आपली मुलगी त्याच्या पुढ्यात येईल तेव्हा गुणांच्या पानावरच त्याची मान हलू देऊ नकोस. त्याला पुढचं पान उलटू दे. मग तो नाही म्हणाला तरी माझी तक्रार नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती तुझी आहे. मी तिच्यासाठी जागा मागते म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी जागा जाऊ दे असंच मागते. लातूरला, लागोसला, हनोईला कोणीतरी बाई आत्ता अशीच बसली असेल, आणि तिच्याही मुलाची एखादी वही असेल. जागा वाढवायला सांगितलं तर ते तुझ्या हातात नाही, त्यांच्या कारभाऱ्यांच्या हातात आहे. आणि वर्षानुवर्षं तिथे शिकून गेलेल्यांच्या मुलांना, मोठ्या देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप मिळत आलंय, ते २०१८ च्या खटल्यात त्यांच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. तेव्हा गुणांनीच सगळं ठरतं असंही कोणी मला शिकवू नये. तू कसं ठरवतोस मला माहीत नाही. मी हार्वर्डच्या समितीवर तुला बसवत नाही, पण सगळ्यांच्या प्रार्थना एकाच पहाटे तुझ्याकडे येतात तेव्हा तुझी काय अवस्था होत असेल, याची मला काळजी वाटते.

पहाट खरोखरच. मार्चच्या अखेरीस तिकडच्या संध्याकाळी सातला निकाल लावायची पद्धत आहे, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात. तुझ्याकडे काकड्याची वेळ. हो, नाही, आणि तिसरं उत्तर म्हणजे वेटलिस्ट, थांबा, कळवू. थांबायला सांगितलं तर काय करायचं हे तुला कोणी शिकवायला नको. विटेवर थांबवलेल्याशी मी त्याबद्दल काय बोलणार. तेवढा धीर तिला उसना दे, आणि तिच्या आईला थोडा जास्त दे, कारण वाडीवर बातमी आधीच पसरली आहे. ‘‘पोरगी अमेरिकेला चालली’’ असं लोक आत्ताच म्हणतात, आणि नाही आलं तर हेच लोक काय म्हणतील ते मला तोंडपाठ आहे. त्या बोलण्यापासून तिला वाचवणं तुला जमणार नाही. माणसांची तोंडं तूही कधी धरली नाहीस. पण तिने अर्ज केला होता याची तिला लाज वाटू देऊ नकोस.

सीईटीचा फॉर्मही आम्ही भरणार आहोत. राहुरीला कृषी अभियांत्रिकी आहे, तिथे मातीचं आणि पाण्याचंच शिकवतात, आणि तिच्या दृष्टीने ते काही कमी नाही. तिला मी तसं सांगितलंय. तिने विचारलं, ‘‘मॅडम, तिथे विहिरी मोजतात का?’’ मी म्हटलं, नसतील मोजत तर तू सुरू कर.

आता रात्र फार झाली आहे. तक्ता भरून झालाय. ‘चांगली’वरची खूण मी तशीच ठेवली आहे. पत्राचे दोन परिच्छेद झालेत आणि तिसऱ्यात मी चुकून ‘आज्ञाधारक’ लिहिलं होतं, ते खोडलं. उद्या सकाळी साडेदहाला मुख्याध्यापक येतील, त्यांच्या मेलवरून शाळेचे कागद आणि माझ्या मेलवरून हे पत्र जाईल. विठ्ठला, बाकीचं तुझ्या मनात येईल तसं कर, पण उद्या दुपारपर्यंत शाळेतली लाइट आणि नेट तेवढं चालू राहू दे.